आपलं माणूस सोबत असताना मेंदू कमी का घाबरतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोबत कुणी असलं की धीर येतो, ही नुसती मनाची समजूत आहे का?

नाही. हा फरक मेंदूत दिसतो आणि तो मोजताही आला आहे. जेम्स कोन, हिलरी शेफर आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ विवाहित स्त्रिया एकेक करून एमआरआय यंत्रात झोपल्या. पायाच्या घोट्याला शॉक देणारी तार जोडलेली होती. पडद्यावर एक विशिष्ट खूण आली की शॉक बसण्याची शक्यता २० टक्के, दुसरी खूण आली की काहीच होणार नाही याची हमी. प्रत्येकीने हे तीन प्रकारे अनुभवलं: नवऱ्याचा हात धरून, अनोळखी पुरुषाचा हात धरून आणि कुणाचाच हात न धरता.

हात मोकळा असताना मेंदूतली धोक्याची यंत्रणा सर्वांत जास्त पेटलेली होती. अनोळखी हातानेही ती थोडी निवळली, नवऱ्याच्या हाताने बरीच जास्त. मात्र तो हात सगळ्याजणींना सारखा उपयोगी पडला नाही. नात्यात अधिक समाधानी असलेल्या स्त्रियांच्या मेंदूतला प्रतिसाद आणखी खाली आला. ज्या भागांत हा फरक दिसला त्यांत हायपोथॅलॅमसही होता, आणि शरीरभर ताणाची संप्रेरकं सोडण्याचा हुकूम तिथूनच सुटतो. प्रयोगासाठी निवडलेली जोडपी मुळात सुखी होती, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. म्हणजे चांगल्या नात्यांमध्येही जे थोडं डावं-उजवं असतं, तेसुद्धा मेंदूला कळतं.

धोका जाणवला की मेंदूत नेमकं काय होतं?

थोडक्यात असं. अमिग्डाला हा बदामाएवढा भाग समोर आलेली गोष्ट महत्त्वाची किंवा धोक्याची आहे का, हे विचार सुरू होण्याआधीच पारखू लागतो. तिथून हायपोथॅलॅमसला इशारा जातो. मज्जातंतूंच्या वाटेने हृदयाचे ठोके आणि श्वास काही सेकंदांत वाढतात. दुसरी वाट रक्तातून जाते: हायपोथॅलॅमस, पियुषिका ग्रंथी, मग मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आणि शेवटी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक. हे काम सावकाश चालतं, त्यामुळे रक्तातलं कॉर्टिसॉल ताणाचा प्रसंग सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखर गाठतं. वाद मिटल्यावरही बराच वेळ अंग तापलेलं राहतं, त्यात या संथ यंत्रणेचा मोठा वाटा असतो.

मग जवळच्या माणसामुळे आपण भीतीवर जास्त चांगला ताबा मिळवतो, असं म्हणायचं का?

बहुतेकांना तसंच वाटतं. कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग भावनांना लगाम घालतो, तेव्हा सोबतीने हा लगाम घट्ट होत असणार, असा तर्क सहज सुचतो. वर सांगितलेल्या प्रयोगात मात्र नवऱ्याचा हात हातात असताना प्रीफ्रंटल भागातली काही केंद्रंही शांत झाली होती. आवर घालण्याचे कष्ट वाढले नव्हते, उलट आवर घालण्याची गरजच कमी भासत होती.

या निष्कर्षावरून कोन आणि त्यांचे सहकारी लेन बेक्स यांनी एक सिद्धांत मांडला. माणसाचा मेंदू आपल्या माणसांत राहणं हीच मूळ स्थिती धरून चालतो, असं ते म्हणतात. सोबत असणं हा वरचा लाभ नव्हे, एकटं असणं हा वाढीव खर्च आहे. दोघांनी मिळून उचलायचं ओझं एकट्यावर आलं की पहिल्या पावलापासून जपून चालावं लागतं, तसा एकटा मेंदू सतत राखून, सावध राहून वागतो. आजूबाजूला नजर ठेवायची, चूक झाली तर निस्तरायची, दुखलं-खुपलं तर सावरायचं, हे सगळं त्याला आपल्याच अंगावर धरावं लागतं. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. आपल्याकडून वर्षानुवर्षं अपेक्षा असते ती ‘स्वतःला सांभाळायला शिका’ ही. त्यात तथ्य आहेच. पण दुसऱ्याच्या आधाराने शांत होणाऱ्या माणसाला कमकुवत म्हणणं मेंदूच्या घडणीशी जुळत नाही.

‘सुरक्षित नातं’ म्हणजे भांडण न होणारं नातं का?

मुळीच नाही. ही कल्पना जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ या संशोधकांच्या कामातून आली. एन्सवर्थ यांनी साधारण वर्षभराच्या बाळांचं एक खास पद्धतीने निरीक्षण केलं. आई थोडा वेळ खोलीबाहेर जाते, मग परत येते. आई गेल्यावर बाळ किती रडतं याला फार महत्त्व नव्हतं. पाहायचं होतं ते परत आलेल्या आईपाशी बाळ काय करतं. सुरक्षित बाळं तिच्याकडे धाव घेत, बिलगत आणि थोड्याच वेळात निवांत होऊन पुन्हा खेळायला लागत.

नात्याची सुरक्षितता म्हणून या दोन गोष्टींत शोधावी. गरज पडली तर हे माणूस माझ्याकडे वळेल, असा भरवसा आहे का? आणि वळल्यावर मी खरंच निवळतो का? एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळाच्या क्षणाक्षणाच्या संवादाचा अभ्यास केला. सुदृढ जोड्यांमध्येसुद्धा दोघांचे सूर बराच वेळ जुळलेले नसतात. ते बिघडतात, पुन्हा जुळतात, पुन्हा बिघडतात. या दुरुस्त्यांमधूनच बाळ शिकतं की बिनसलेलं सांधता येतं. मोठ्यांच्या नात्यातही ‘आमचं कधीच वाजत नाही’ यापेक्षा ‘वाजतं, पण आम्ही परत एकमेकांकडे येतो’ हे मला जास्त भक्कम लक्षण वाटतं.

सुरक्षित माणसाला भीती वाटतच नाही का?

वाटते, आणि वाटायलाच हवी. खऱ्या धोक्याला न घाबरणारा मेंदू फार काळ जगवत नाही. फरक पडतो तो भीती किती लवकर उतरते आणि आपण मदत मागतो का, यात.

लहान मुलांच्या मेंदूवर पालकांचा प्रभाव इतका खोल का असतो?

कारण सुरुवातीच्या काळात मुलाच्या ताणयंत्रणेचा काही कारभार अक्षरशः पालकाच्या शरीराकडे असतो. उंदरांच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासांत हे फार स्पष्ट दिसलं. रेजिना सुलिव्हान आणि स्टेफनी मोरिसो यांनी पिल्लांना एक वास आणि सौम्य शॉक एकत्र दिले. अगदी कोवळी पिल्लं त्या वासाला घाबरायला शिकतच नाहीत. साधारण दहा दिवसांच्या पुढची पिल्लं शिकतात, पण आई शेजारी असेल तर तीही शिकत नाहीत. आईच्या नुसत्या असण्याने पिल्लाचं ताणसंप्रेरक खाली राहतं आणि अमिग्डालाला भीतीचा धडा गिरवायला लागणारी सामग्रीच मिळत नाही. आणखी काही दिवसांनी ही सोय संपते.

माणसाच्या मुलांतही याच्याशी मिळतीजुळती गोष्ट आढळली. डिलन गी आणि निम टॉटनहॅम यांच्या गटाने २०१४ साली दाखवलं, की लहान मुलांना आईचं छायाचित्र दिसलं की त्यांच्या अमिग्डालाचा प्रतिसाद कमी होतो, आणि अमिग्डाला व प्रीफ्रंटल भाग यांच्यातला संवाद तेवढ्यापुरता जास्त प्रौढ मेंदूसारखा दिसतो. आईमुळे मुलाचा मेंदू काही क्षण त्याच्या वयापुढे जाऊन काम करतो, असं म्हणता येईल. किशोरवयीन मुलांमध्ये हा परिणाम दिसला नाही.

म्हणजे मुलगा-मुलगी वयात आली की पालकांचा उपयोग संपतो?

संपत नाही, त्याचं रूप बदलतं. कॅमेलिया होस्टिनार, अॅना जॉन्सन आणि मेगन गनर यांनी नऊ-दहा वर्षांची मुलं आणि १५-१६ वर्षांची मुलं यांची तुलना केली. परक्या लोकांपुढे भाषण करायचं होतं, आणि त्याआधी पालक तयारीला मदत करणार होते. लहान मुलांमध्ये पालकांच्या मदतीने कॉर्टिसॉलची वाढ बरीच रोखली गेली, मोठ्यांमध्ये तसं झालं नाही. या वयात मेंदू बाहेरच्या जगात आपली माणसं शोधू लागतो. जवळ घेतल्यावर हात झटकणाऱ्या मुलाला तुमची गरज उरली नाही, असं यावरून समजू नका. त्याला शांत करण्याची जुनी पद्धत मात्र आता चालेलच असं नाही, एवढं मान्य करावं लागतं.

माझं बाळ मला सोडून जाताना रडत नाही, शांत असतं. हे चांगलं लक्षण ना?

असू शकतं. काही बाळांचा स्वभावच निवांत असतो. पण बाहेरच्या शांततेवर पूर्ण विसंबू नये. आई निघून गेल्यावर आणि परत आल्यावरही तिच्याकडे दुर्लक्ष करून खेळण्यांत रमल्यासारखी दिसणारी काही बाळं एन्सवर्थ यांच्या निरीक्षणांत होती. ॲलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी १९७७ साली दाखवलं, की अशा बाळांचे हृदयाचे ठोके मात्र वाढलेले असतात. त्रास होत होता, तो दाखवायचा नाही हे बाळ शिकलं होतं. मोठ्या वयात ‘याला काही लागतच नाही’ अशी ज्यांची ख्याती असते, त्यांच्याकडे पाहताना मला हा निष्कर्ष हमखास आठवतो.

कुणी धीर द्यायला आलं की मला उलट अस्वस्थ वाटतं. माझ्यात काही दोष आहे का?

दोष नाही. तुमच्या मेंदूने नात्यांबद्दल जे अंदाज बांधले आहेत, त्यांना धरून तो वागतो आहे. संशोधक ढोबळमानाने दोन कल सांगतात. एका कलात माणूस सोडून जाईल या धास्तीने नात्यातल्या प्रत्येक बारीक खुणेवर नजर ठेवतो. दुसऱ्यात तो आधाराची अपेक्षाच सोडून देतो आणि अंतर राखून सुरक्षित राहतो. पास्कल व्हर्टिच्का आणि सहकाऱ्यांनी २००८ साली एमआरआयच्या साहाय्याने हे तपासलं. पहिल्या कलाच्या लोकांत नाराजी दाखवणाऱ्या रागीट चेहऱ्यांना अमिग्डाला जास्त प्रतिसाद देत होती. दुसऱ्या कलाच्या लोकांत शाबासकीच्या हसऱ्या चेहऱ्याने मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला भाग इतरांइतका जागा होत नव्हता. कुणी प्रेमाने हसलं तरी आत काहीच हललं नाही, असं कुणी सांगितलं तर त्याला कृतघ्न म्हणण्याआधी हे आठवावं.

हे कल आहेत, शिक्के नव्हेत. एकच माणूस भावापाशी निर्धास्त आणि जोडीदारापाशी धास्तावलेला असू शकतो.

बालपण कठीण गेलं असेल तर मेंदूची घडण कायमची बिघडते का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा एक भीती असते, म्हणून उत्तर आधी देतो: कायमची, असं म्हणता येत नाही. खुणा राहतात, हे खरं. पण बदलाचे पुरावे भक्कम आहेत.

मायकेल मीनी यांच्या मॉन्ट्रियलमधल्या प्रयोगशाळेत दिसलं, की पिल्लांना भरपूर चाटणाऱ्या, कुरवाळणाऱ्या उंदरीची पिल्लं मोठेपणी ताणात कमी बिथरतात. एका आईची पिल्लं जन्मताच दुसरीकडे दिली तर ती वाढवणाऱ्या आईसारखी होतात. २००४ साली या गटाने दाखवलं, की आईच्या या वागण्याने पिल्लाच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातल्या एका जनुकावरच्या रासायनिक खुणा बदलतात, आणि कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांना ‘आता पुरे’ असं सांगणारी व्यवस्था जास्त सक्षम होते.

माणसांबद्दलचा सर्वांत मोलाचा पुरावा रोमानियातून आला. बुखारेस्टमध्ये २००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठी टाकावी तशी निवड करून त्यातल्या निम्म्या मुलांना प्रशिक्षित पालकांच्या घरी ठेवण्यात आलं. ती मुलं साधारण १२ वर्षांची झाल्यावर त्यांची ताणाची चाचणी घेतली. संस्थेतच राहिलेल्या मुलांची यंत्रणा बोथट झाली होती. जिथे अंगाने तयारीला लागायला हवं तिथेही ते फारसं हलत नव्हतं. घर मिळालेल्या मुलांचा प्रतिसाद सर्वसाधारण मुलांच्या जवळ आला होता, विशेषतः घर दोन वर्षांच्या आत मिळालं असेल तर. लवकर मिळालेल्या मायेला तोड नाही, आणि हे वाक्य मी भावनेच्या भरात लिहीत नाही. धोरण आखणाऱ्यांनी ते आकडेवारीसारखं वाचावं.

मोठ्यांचं काय? २०१३ साली स्यू जॉन्सन, कोन आणि सहकाऱ्यांनी दुरावलेल्या जोडप्यांबरोबर हात धरण्याचाच प्रयोग केला. समुपदेशनाआधी जोडीदाराच्या हाताने पत्नीच्या मेंदूतला धोक्याचा प्रतिसाद फारसा कमी होत नव्हता. भावनिक बंधावर भर देणाऱ्या उपचारानंतर तोच हात उपयोगी पडू लागला.

लांब राहणाऱ्यांनी काय करावं? फोन, मेसेज, फोटो यांचा उपयोग होतो का?

आवाजाचा नक्की होतो. लेस्ली सेल्टझर आणि सेथ पोलॅक यांच्या गटाने सात ते बारा वर्षांच्या मुलींना आधी लोकांसमोर बोलायला आणि गणितं करायला लावलं. नंतर काही मुलींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींशी ती फोनवर बोलली. दोन्ही गटांत ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक वाढलं आणि कॉर्टिसॉल लवकर उतरलं. पुढच्या अभ्यासात आईने फक्त लिखित मेसेज पाठवले, तेव्हा कॉर्टिसॉलची पातळी आईशी संपर्कच न झालेल्या मुलींसारखी राहिली. घाबरलेल्या माणसाला चार ओळी टाइप करण्यापेक्षा सरळ फोन लावा.

फोटोचाही थोडा फायदा आहे. नाओमी आयझेनबर्गर यांच्या गटाने चटका सहन करणाऱ्या स्त्रियांना जोडीदाराचा फोटो दाखवला, तेव्हा त्यांना वेदना कमी जाणवली. सुरक्षिततेशी जोडलेला प्रीफ्रंटलमधला खालचा, मधला भाग तेव्हा अधिक सक्रिय झाला होता.

मी धीर देतो, पण समोरच्याचा त्रास वाढतो. कुठे चुकतं?

बहुधा शब्दांच्या घाईत. बिआटे डिट्झेन यांच्या २००७ सालच्या अभ्यासात स्त्रियांना तणावाच्या परीक्षेआधी जोडीदाराने एकतर बोलून आधार दिला किंवा मान-खांद्यांना मालिश केलं. मालिश झालेल्यांचं कॉर्टिसॉल कमी वाढलं. नुसत्या बोलण्याचा तसा परिणाम झाला नाही. सल्ला ऐकताना ‘मला हे जमणार नाही असं याला वाटतंय’ असा अर्थ लागू शकतो, आणि तोही मेंदूसाठी एक धोकाच.

नायल बोल्जर यांनी वकिलीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या रोजच्या नोंदी अभ्यासल्या. घेणाऱ्याला आधार म्हणून जाणवलाही नाही, असा आधार सर्वांत जास्त कामी आला. कुणी गुपचूप कामं उरकली, कुणी गोंगाट कमी केला. मदतीचा गाजावाजा न करणं हीसुद्धा मदतच.

नातंच त्रासाचं कारण असेल तर?

मग वरचं सगळं उलटं फिरतं. जेनिस कीकोल्ट-ग्लेसर यांनी ४२ जोडप्यांच्या हातावर छोटे फोड आणून ते भरून येण्याचा वेग मोजला. एकमेकांशी जास्त शत्रुत्वाने वागणाऱ्या जोडप्यांच्या जखमा इतरांच्या तुलनेत ६० टक्के वेगानेच भरत होत्या. घरातल्या कडवटपणाचे परिणाम असे त्वचेपर्यंत पोचतात.

सर्वांत बिकट अवस्था त्या मुलाची, ज्याला भीती वाटली की धावायचं त्या माणसाकडे आणि भीती वाटते तीही त्याच माणसाची. जवळ जावं की पळावं, या दोन्ही प्रेरणा एकाच वेळी उठतात. मारहाण, धमक्या, सततचा अपमान असलेल्या नात्यात ‘अजून समजून घ्या, अजून जवळ या’ असा सल्ला देणं घातक आहे. तिथे मेंदू धोका ओळखून बरोबरच काम करतो आहे. आधी सुरक्षित अंतर आणि बाहेरची मदत, बाकी सगळं नंतर.

मला जोडीदार नाही. मग हे माझ्यासाठी नाहीच का?

आहे. मार्कुस हाइनरिक्स यांच्या २००३ सालच्या अभ्यासात ताणाच्या परीक्षेआधी पुरुषांना जवळच्या मित्राची सोबत मिळाली, तेव्हा त्यांचं कॉर्टिसॉल कमी वाढलं. ज्युलियान होल्ट-लंस्टॅड यांनी २०१० साली १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. भक्कम सामाजिक नाती असलेल्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त होती. त्यात लग्नाखेरीज कितीतरी प्रकारची नाती मोजली होती. मेंदू कागदावरचं नातं बघत नाही. अडचणीत कोण येईल, हे तो अनुभवावरून ठरवतो.

ऑक्सिटोसिनचा स्प्रे घेऊन हाच परिणाम मिळेल का?

त्याच्या भरवशावर राहू नका. जेनिफर बार्ट्झ यांच्या २०१० सालच्या अभ्यासात पुरुषांना ऑक्सिटोसिन देऊन आईबद्दल विचारलं. नात्यांत निर्धास्त असलेल्यांना आई अधिक मायाळू आठवली, धास्तावलेल्यांना ती कमी मायाळू आठवली. नात्याचा इतिहास या संप्रेरकाने पुसला जात नाही, उलट तोच ठळक होतो.

या संशोधनावर किती विश्वास ठेवावा?

दिशेवर पूर्ण, प्रत्येक आकड्यावर जपून. मेंदूच्या चित्रांचे सुरुवातीचे बरेचसे अभ्यास फार थोड्या लोकांवर झाले. कोन यांनी २०१७ साली ११० जणांवर हात धरण्याचा प्रयोग पुन्हा केला. त्यात मित्र-मैत्रिणी आणि लग्न न केलेली जोडपीही होती. ओळखीच्या हाताचा शांत करणारा परिणाम टिकला, पण नात्याच्या दर्जाचं चित्र पहिल्या प्रयोगाइतकं सरळ आलं नाही. प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसांना जसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि एमआरआयवर पेटलेला ठिपका म्हणजे भावना नव्हे. तरीही उंदीर, बाळं, किशोर, जोडपी, मित्र अशा वेगवेगळ्या वाटांनी गेलेले अभ्यास जिथे एकमेकांना भेटतात, ती जागा पक्की मानायला हरकत नाही.

आजपासून करता येईल असं काही आहे का?

आहे. समोरचं माणूस घाबरलेलं असेल तर उपाय सांगण्याआधी जवळ बसा, आणि त्याला चालत असेल तरच स्पर्श करा. भांडण झालं तर परत येण्याची वेळ ठरवून मगच उठा: ‘अर्ध्या तासाने बोलू’ म्हटलं की खरंच अर्ध्या तासाने बोला. मोठ्या वचनांपेक्षा असा पाळलेला छोटा शब्द मेंदूच्या हिशेबात जास्त जमा होतो. आणि ताण आला की स्वतः कुणाला तरी सांगा. मदत मागायची सवय नसलेल्यांना हे सर्वांत जड जातं, म्हणून अवघड प्रसंगाची वाट न पाहता साध्या गोष्टीपासून सुरुवात करा. झोप, काम, नाती यांवर भीतीचा परिणाम आठवडे टिकून असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला किंवा समुपदेशकाला भेटा. चांगल्या उपचारातही ज्याच्यावर विसंबता येतं असं एक नातं तयार होत असतं, आणि उपचार कामी येण्यात त्या नात्याचा वाटा मोठा असतो.